किमोच्या काळात डोकं थकतं, लक्ष लागत नाही: आधी काय करायचं, मग काय

उपचार चालू असलेलं माणूस ‘हल्ली काही लक्षातच राहत नाही’ म्हणालं की घरोघरी त्याच तीन गोष्टी होतात. रात्री बदाम भिजत पडतात, कुणीतरी ब्राह्मीच्या गोळ्या आणून देतं आणि नातवंडं सुडोकूचं पुस्तक हातात ठेवतात. महिन्याने डोकं तितकंच जड असतं आणि ‘एवढं करूनही जमत नाही’ याचं ओझं वर चढलेलं असतं.

चूक क्रमाची आहे. मेंदूला व्यायाम देणं ही शेवटची पायरी. त्याआधी थकव्याची नोंद, मग कारणांचा शोध, मग दिवसाची आखणी. ताईच्या स्तनाच्या कॅन्सरच्या उपचारात मी दीड वर्ष तिच्याबरोबर होते. कोथरूडहून डे-केअरला (जिथे किमो घेऊन त्याच दिवशी घरी परततात) जाणं-येणं, फाइल, डबा सगळं माझ्याकडे होतं. आम्हीही उलट्या क्रमाने सुरुवात केली आणि तीन महिने घालवले. ते तुमचे जाऊ नयेत म्हणून हे लिहिते आहे.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण पेशंटला ती कुणी सांगत नाही: हा आळस नाही आणि वेड लागण्याची सुरुवातही नाही. शब्द ओठांवर येऊन अडकणं, वाचलेलं डोक्यात न शिरणं, दोन कामं एकदम न जमणं हे कॅन्सरच्या उपचारांत पुष्कळांना होतं. किमोने होतं, हार्मोनच्या गोळ्यांनी होतं, मेंदूच्या रेडिएशनने होतं. काहींना तर उपचार सुरू होण्याआधीच जाणवायला लागतं.

सुरुवातीलाच: हा थकवा नव्हे, इमर्जन्सी

किमोचं धुकं हळूहळू येतं आणि कमी-जास्त होत राहतं. काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत माणूस बदललं, तर पुढचं वाचत बसू नका. खालीलपैकी काहीही दिसलं तर लगेच हॉस्पिटलला फोन करा किंवा १०८ ला गाडी बोलवा:

- अचानक गोंधळ: घर, वार, माणसं न ओळखणं, नसलेल्या गोष्टी दिसणं, दिवसा झोप आणि रात्रभर बडबड
- १००.४ फॅरनहाइट (३८ सेल्सिअस) किंवा त्याहून जास्त ताप
- तोंड वाकडं होणं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, बोलणं अडखळणं, झटका येणं
- वाढत जाणारी तीव्र डोकेदुखी आणि उलट्या
- खूप तहान, बद्धकोष्ठता आणि त्यासोबत गुंगी (रक्तातलं कॅल्शियम वाढल्यावर असं होऊ शकतं)

खबरदारी: ताप आला की घरातली पॅरासिटामॉल देऊन ‘सकाळपर्यंत बघू’ असं करू नका. किमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या आसपास रक्तातल्या, संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचा काउंट कमी असतो. त्या काळातला ताप रात्री दोन वाजता आला तरी रात्री दोनलाच निघायचं.

पायरी १: सात दिवसांची नोंद

ओपीडीत डॉक्टर विचारतात, ‘कसं वाटतंय?’ पेशंट म्हणतं, ‘बरं आहे.’ रिपोर्ट बघून होतो, पुढची तारीख मिळते आणि रिक्षात बसल्यावर आठवतं की सांगायचं राहिलंच. ताईचं सलग तीन वेळा असं झालं. ज्याचं लक्षात राहत नाही त्यानेच सगळं लक्षात ठेवून सांगावं ही अपेक्षाच चुकीची. म्हणून कागद.

एक साधी वही घ्या. दिवसातून तीनदाच लिहायचं: सकाळी ९, दुपारी २, संध्याकाळी ७. प्रत्येक वेळी डोक्याच्या थकव्याला ० ते १० मधला आकडा द्यायचा. ० म्हणजे अगदी ताजं, १० म्हणजे समोरचा काय बोलतोय तेही कळत नाही. आकड्यापुढे, काही निसटलं असेल तर तेवढंच. रात्रीच्या झोपेचे तास सकाळच्या नोंदीत.

ताईच्या वहीतलं एक पान माझ्याकडे अजून आहे:

‘मंगळवार. रात्री झोप ४ तास. स. ९ — ३. दु. २ — ७, वीजबिल भरताना पिन दोनदा चुकला. सं. ७ — ८, काकू आल्या होत्या, दीड तास बसल्या.’

एवढंच पुरतं. या एका पानातून दोन गोष्टी दिसल्या: झोप मोडली होती, आणि पाहुण्यांच्या गप्पा तिला बिलापेक्षा जास्त थकवत होत्या. आम्ही तोवर ‘कुणी आलं की तिला बरं वाटतं’ असं धरून चाललो होतो.

नेहमीच्या चुका: फक्त वाईट दिवशी लिहिणं (मग चांगली वेळ कोणती ते कळतच नाही), घरच्यांनी आपल्या अंदाजाने आकडा टाकणं, आणि पहिल्याच दिवशी दोन पानं लिहून तिसऱ्या दिवशी सोडून देणं. लिहवत नसेल तर पेशंटने आकडा सांगावा, दुसऱ्याने लिहावा. आकडा मात्र पेशंटचाच.

तपासून पाहा: आकडे बहुतेक वेळा ४ किंवा त्याहून वर असतील तर हा थकवा डॉक्टरांपुढे वेगळा मांडण्याजोगा आहे. ७ च्या वर राहत असतील तर पुढच्या तारखेची वाट बघू नका.

पायरी २: कारणं शोधा, त्यांत दुरुस्त होण्यासारखी पुष्कळ असतात

ही पायरी सगळ्यात जास्त वेळा गाळली जाते आणि सगळ्यात जास्त फरक इथेच पडतो. ‘किमो म्हटल्यावर थकवा येणारच’ हे वाक्य खरं असलं तरी त्याआड दुसरी कारणं लपून राहतात.

आधी औषधांची यादी करा. घरातली सगळी औषधं एका ताटात काढा: कॅन्सरची, बीपी-शुगरची, केमिस्टकडून आणलेली, शेजारच्यांनी सुचवलेली, आयुर्वेदिक, प्रोटीन पावडरसुद्धा. नाव, किती, किती वाजता, कधीपासून. आमच्या ताटात एक अनोळखी पाकीट निघालं. अंगाला खाज येते म्हणून ताई रोज रात्री अॅलर्जीची गोळी घेत होती, दोन महिने. ‘त्यात काय सांगायचं, साधी गोळी आहे’ म्हणून ती कुठल्याच फाइलवर नव्हती.

डोकं जड करणारी औषधं बऱ्याचदा अशीच असतात: अॅलर्जीच्या गोळ्या, झोपेच्या आणि घबराटीच्या गोळ्या, मॉर्फिन-ट्रामाडॉलसारखी वेदनाशामकं, हातापायांच्या मुंग्यांसाठी दिलेलं प्रीगाबालिन किंवा गाबापेंटिन, उलटीची काही औषधं. यांतलं काहीही स्वतःहून बंद करायचं नाही. झोपेची किंवा घबराटीची गोळी आणि मॉर्फिन अचानक सोडणं धोक्याचं असतं. यादी दाखवायची आणि विचारायचं: ‘यातलं कमी करण्यासारखं किंवा वेळ बदलण्यासारखं काही आहे का?’

वेळेचा प्रश्न डेक्सामेथासोनबाबत नक्की विचारा. किमोच्या आगेमागे उलटी आणि रिअॅक्शन टाळण्यासाठी हे स्टिरॉइड देतात. ते संध्याकाळी घेतलं की रात्रभर डोळा लागत नाही, आणि थांबल्यावर एक-दोन दिवस माणूस एकदम गळून जातं. डोस सकाळी घेता येईल का, हे डॉक्टरच सांगतील. पण विचारल्याशिवाय विषय निघत नाही.

मग तपासण्या. आधीच्या रिपोर्टमध्ये नसतील तर यांच्याबद्दल विचारा: हिमोग्लोबिन, थायरॉइडचं टीएसएच, व्हिटॅमिन बी-१२, सोडियम, कॅल्शियम, क्रिएटिनिन, साखर. मानेला रेडिएशन झालेल्यांचा किंवा इम्युनोथेरपी चालू असलेल्यांचा थायरॉइड मंदावू शकतो. शाकाहारी घरांत बी-१२ कमी असणं नेहमीचं, आणि मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांचंही ते खाली येतं. स्टिरॉइडमुळे साखर चढलेली असली तरी माणूस असंच मलूल होतं. ताईचं बी-१२ खूपच कमी निघालं. इंजेक्शनं सुरू झाली, खाजेची गोळी बदलून मिळाली आणि दीड महिन्यात दुपारचा आकडा ७ वरून ४ वर आला.

तिसरं, मन. सलग दोन आठवडे कशातच रस नाही, रडू येतं, जगणं नकोसं वाटतं, असं असेल तर तेही यादीत लिहा. नैराश्यानेही लक्ष असंच विस्कटतं आणि त्यावर उपचार आहेत. टेली-मानस ही सरकारी हेल्पलाइन १४४१६ या नंबरवर मराठीतही बोलते. जीव द्यावासा वाटत असेल तर त्या माणसाला एकटं ठेवू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा.

खबरदारी:
- हिमोग्लोबिन कमी आहे म्हणून मनाने लोहाच्या गोळ्या सुरू करू नका. किमोतली रक्ताची कमतरता दर वेळी लोहाची नसते.
- कॅपेसिटाबिन (तोंडावाटे घ्यायची किमोची गोळी) चालू असेल तर कुठलीही मल्टिव्हिटॅमिन विचारून घ्या. तिच्यातल्या फॉलिक अॅसिडने कॅपेसिटाबिनचा त्रास वाढू शकतो.
- अश्वगंधा, गिंको, ब्राह्मी ही ‘नुसती जडीबुटी’ नव्हे. अश्वगंधाने यकृताला त्रास झाल्याची उदाहरणं आहेत, गिंकोने रक्तस्राव वाढू शकतो. ऑन्कॉलॉजिस्टना, म्हणजे कॅन्सरच्या डॉक्टरांना, विचारल्याशिवाय नको.

डॉक्टरांकडे जाताना एका चिठ्ठीवर तीनच ओळी: थकव्याचे आकडे, दोन ठळक प्रसंग, एक प्रश्न. आत शिरताच, ‘बसा’ म्हणायच्या आत, चिठ्ठी टेबलावर ठेवायची. हे धाडस वाटतं, पण डॉक्टरांचाही वेळ वाचतो.

पायरी ३: किमोच्या सायकलप्रमाणे दिवस आखा

आठवडाभराच्या नोंदीनंतरच ही पायरी. आधी केली तर नुसता अंदाज होतो.

भिंतीवरच्या कालनिर्णयात आपण दुधाचा आणि गॅसचा हिशोब लिहितोच. त्याच चौकोनांत किमोची तारीख लाल पेनाने लिहा. २१ दिवसांची सायकल असेल, म्हणजे किमो दर २१ दिवसांनी असेल, तर पुष्कळांचे पहिले पाच-सात दिवस जड जातात आणि तिसरा आठवडा त्यातल्या त्यात मोकळा असतो. दर आठवड्याला किमो असेल तर हे चक्र वेगळं दिसेल. रेडिएशनमध्ये थकवा आठवड्यागणिक साचत जातो आणि शेक संपल्यावरही काही आठवडे रेंगाळतो. ‘आता तर संपलं, मग का?’ असं पेशंटला विचारू नये. तुमची वही काय म्हणते ते खरं.

जड दिवसांच्या चौकोनावर फुली. त्या दिवशी पाहुणे नाहीत, बँक नाही, सह्या नाहीत, मोठे निर्णय नाहीत. घराचे, विम्याचे, मृत्युपत्राचे कागद मोकळ्या आठवड्यात, आणि तेही सकाळी.

मग दिवस. वहीत सगळ्यात कमी आकडा ज्या वेळचा, ती तुमची सोन्याची वेळ. बहुतेकांची सकाळची असते. त्या वेळात डोक्याचं एकच काम ठेवा. चूक अशी होते की माणूस त्याच वेळात आंघोळ, केस, देवपूजा, आल्या-गेल्याचे फोन उरकतं आणि विम्याचा फॉर्म दुपारी तीनला काढतं. फोन दुपारचे, फॉर्म सकाळचा.

काम पंधरा-वीस मिनिटांचं, मग दहा मिनिटं थांबायचं. थांबणं म्हणजे मोबाइल बघणं नव्हे. डोळे मिटून बसणं किंवा गॅलरीत उभं राहणं. डोकं पूर्ण रिकामं होण्याच्या आधी थांबायचं. बरं वाटलं म्हणून एका दिवसात कपाट, माळा आणि फराळ सगळं काढलं की पुढचे दोन दिवस अंथरुणात जातात. चांगल्या दिवशी हात आखडता घेणं हे या आखणीतलं सगळ्यात कठीण काम आहे.

पुण्याच्या पेठांमध्ये राहणाऱ्यांसाठी एक वेगळं सांगते. गणपतीच्या दहा दिवसांत ढोल-ताशाच्या आवाजात झोप आणि डोकं दोन्हीचं मातेरं होतं. विसर्जनाच्या दिवशी लक्ष्मी रस्ता, टिळक रस्ता, केळकर रस्ता, कुमठेकर रस्ता मिरवणुकीसाठी बंद असतात आणि मिरवणूक दुसऱ्या दिवशीही चालते. किमोची तारीख त्या सुमारास येत असेल तर डे-केअरशी आधीच बोला. ते दोन-तीन दिवस पेठेबाहेरच्या नातेवाइकांकडे राहता आलं तर उत्तम. तेही हॉस्पिटलपासून फार लांब नको.

पायरी ४: झोप

पुण्याला वामकुक्षी शिकवायला नको, पण ती अर्ध्या तासाची असावी आणि तीनच्या आत संपावी. गजर लावा. दुपारी दोन-दोन तास झोपलं की रात्र जाते आणि दुसऱ्या दिवशी डोकं पुन्हा कोरं. उठायची वेळ रोज एकच. दुपारनंतर चहा-कॉफी नको. रात्री वीस मिनिटांत झोप आली नाही तर उठून दुसऱ्या खोलीत बसा, पेंग आली की परत या. सलग दोन आठवडे झोप नसेल तर गोळी मागण्याआधी झोपेच्या समुपदेशनाबद्दल विचारा.

पायरी ५: चालणं

थकलेल्या माणसाला ‘चाला’ म्हणणं क्रूर वाटतं. पण कॅन्सरमधल्या थकव्यावर ज्या उपायांचा चांगला पुरावा आहे त्यांत हालचाल अगदी वर आहे; नुसत्या विश्रांतीने स्नायू आणखी ढिले पडतात आणि थकवा वाढतो.

दहा मिनिटांपासून सुरुवात, सपाट जागी. चालताना बोलता यावं, गाता येऊ नये, इतपत वेग. दर आठवड्याला थोडं वाढवत आठवड्यातून तीन दिवस अर्ध्या तासापर्यंत. त्याशिवाय आठवड्यातून दोनदा, खुर्चीतून हात न टेकता उठ-बस, आठ-दहा वेळा. उन्हाळ्यात सकाळी सातच्या आत. पावसात बागेच्या फरश्या निसरड्या होतात आणि पायांना मुंग्या असल्या की पाऊल कळत नाही; तेव्हा सोसायटीचं पार्किंग किंवा घरातला पॅसेज बरा. काउंट कमी असलेल्या दिवसांत मंडई, तुळशीबाग, लग्नाचा हॉल नको.

खबरदारी: हाडांत आजार पसरलेला असेल, प्लेटलेट किंवा हिमोग्लोबिन खूप कमी असेल, छातीत दुखत असेल, धाप लागत असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. ताप असताना चालायचं नाही.

पायरी ६: स्वयंपाकघर, गोळ्या, पैसे, गाडी

आठवण सुधारायची वाट बघू नका. आठवणीवरचा भार काढून वस्तूंवर टाका.

गॅस. एका दुपारी ताई ओट्याशी चिमटा हातात धरून उभी होती. बर्नर चालू, वर रिकामं पातेलं, दूध अजून फ्रीजमध्ये. आपण काय करायला उभे आहोत हे तिला आठवेना आणि विचारायची लाज वाटत होती. त्या दिवसापासून आम्ही इंडक्शन वापरलं, ठरल्या वेळेनंतर आपोआप बंद होणारं. कुकरच्या शिट्ट्यांसाठी ओट्यावर तीन शेंगदाणे ठेवायचे. शिट्टी झाली की एक उचलून वाटीत. ओटा रिकामा, गॅस बंद. फोन वाजला तर आधी गॅस बंद, मग फोन.

गोळ्या. सात दिवसांचा, सकाळ-रात्र असे कप्पे असलेला डबा रविवारी भरायचा, आणि दुसऱ्या माणसाने यादीशी ताडून बघायचा. तोंडावाटे घ्यायची किमो वेगळी ठेवा, तिच्यासाठी डॉक्टरांनी सांगितलेले चालू-बंद दिवस कालनिर्णयात रंगवा. दोन आठवडे घेऊन एक आठवडा बंद असं वेळापत्रक असेल तर बंदच्या आठवड्यातही सवयीने गोळी घेतली जाते. ही चूक महागात पडते. डोस चुकला तर पुढच्या वेळी दुप्पट घ्यायचा नाही, हॉस्पिटलला विचारायचं. थायरॉइडची गोळी उपाशीपोटी, चहाच्या अर्धा-एक तास आधी. लोह आणि कॅल्शियम तिच्यानंतर चार तासांनी.

पैसे. फुलीच्या दिवशी ऑनलाइन व्यवहार नाहीत. ओटीपी विचारणारा फोन आला की ‘मुलाशी बोला’ एवढंच म्हणून ठेवायचा.

दुचाकी. पुण्यात स्कूटर सोडणं म्हणजे पाय काढून घेतल्यासारखं वाटतं, मला कळतं. तरी किमोच्या दिवशी नाही. त्या दिवशी अॅलर्जी होऊ नये म्हणून शिरेतून दिलेल्या इंजेक्शनने पेंग येते. वेदनेचं नवीन औषध सुरू झाल्यावर नाही, तळपाय बधिर असताना नाही. झटका आलेला असेल किंवा मेंदूत गाठ असेल तर डॉक्टर हो म्हणेपर्यंत अजिबात नाही.

पायरी ७: घरच्यांनी कसं बोलायचं

‘अगं आई, आत्ताच तर सांगितलं ना!’ हे वाक्य घरातून काढून टाका. तिसऱ्यांदा विचारलं तरी पहिल्यासारखंच उत्तर द्या. एका वेळी एकच गोष्ट सांगा, टीव्ही बंद करून, समोर बसून. ती शब्द शोधत असेल तर लगेच पुरवू नका, थोडं थांबा. तिने तुमच्याकडे बघितलं की सांगा. सगळी कामं काढूनही घेऊ नका. भाजी निवडणं, वाण्याची यादी सांगणं, नातवाला श्लोक म्हणायला लावणं, अशी दोन-तीन कामं तिचीच राहू द्या.

पायरी ८: कामावर परतताना

एकदम पूर्ण वेळ नको. वरिष्ठांपैकी एकाच माणसाला, नेमकं सांगा: ‘मला सलग दोन मीटिंग जमत नाहीत, सूचना लिहून हव्यात.’ ‘तब्येत बरी नाही’ म्हटलं की लोक नुसती सहानुभूती देतात. हिंजवडीचं ऑफिस असेल तर गर्दीच्या वेळचा प्रवासच अर्धं डोकं खातो. वेळ बदलून मिळेल का, किमोनंतरचे दिवस घरून काम चालेल का, हे लेखी मागा. ऑन्कॉलॉजिस्टकडून तसं पत्र मिळू शकतं.

पायरी ९: आता शब्दकोडं

दुपारचा आकडा ४ च्या खाली येऊ लागला की मेंदूला काम द्यायची वेळ. आवडत असेल तर कोडं, नसेल तर नको. सक्तीचं सुडोकू म्हणजे रोजची परीक्षा. पेपरातली एक बातमी मोठ्याने वाचा, पेपर मिटा, तिच्यातल्या तीन गोष्टी कुणाला तरी सांगा. पंधरा मिनिटांचा गजर. गजर झाला की बातमी अर्धी असली तरी बंद.

उपचार संपल्यावर बहुतेकांचं डोकं काही महिन्यांत सावरतं, काहींना वर्ष किंवा त्याहून जास्त लागतं. हार्मोनच्या गोळ्या वर्षानुवर्षं चालू असतील तर कमी-जास्त होत राहतं. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा सात दिवस वही लिहा. उपचार संपून सहा महिने झाले आणि आकडे हलले नाहीत, किंवा उलट चढायला लागले, तर न्यूरोसायकॉलॉजिस्टकडून स्मरणशक्तीची आणि लक्षाची रीतसर तपासणी करून घ्या. जाताना पहिल्या आठवड्याची वही बरोबर न्या. तुलनेला तीच लागते.